आकडी : डॉक्टरांना हवा असतो एक चांगला साक्षीदार

बाजारात, एस.टी. स्टँडवर किंवा शाळेच्या आवारात कोणाला आकडी आली की भोवती गर्दी जमते आणि गर्दीतून एक आवाज हमखास येतो, "अरे, कांदा आणा, कांदा!" कांदा मिळाला नाही तर कोणी पायातली वहाण काढून रोग्याच्या नाकाशी धरतो. मिनिट-दोन मिनिटांत झटके थांबतात, रोगी शांत होतो आणि वहाण धरणाऱ्याला शाबासकी मिळते. "बघा, कसा गुण आला!" असे सगळे म्हणतात.

खरोखरच गुण आला का? विज्ञानाच्या विद्यार्थ्याने येथे एक साधा प्रश्न विचारायला हवा. वहाण धरलीच नसती तर झटके किती वेळ चालले असते? डॉक्टरांनी रुग्णालयांत अशा शेकडो आकड्यांची घड्याळ लावून नोंद केली आहे. बहुतेक आकड्या एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबतात, असे त्यांना आढळले. कांदा शोधून आणायला साधारण तेवढाच वेळ लागतो! कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही. तसेच कांदा मिळाला नाही म्हणून आकडी थांबायची राहत नाही.

मात्र या धांदलीत एक मोलाची गोष्ट वाया जाते. झटका कसा सुरू झाला, किती वेळ टिकला, कोणता हात आधी हलला, हे कोणीच नीट पाहत नाही. आणि डॉक्टरांना नेमके तेच हवे असते. कसे ते आता पाहू.

मेंदूतली वीज

आकडी, फेफरे, फीट, मिरगी अशी या विकाराची नावे आहेत. वारंवार आकडी येण्याच्या विकाराला वैद्यकात अपस्मार म्हणतात. 'स्मर' म्हणजे स्मृती आणि 'अप' म्हणजे दूर जाणे. स्मृती नाहीशी होते तो अपस्मार. हे नाव चरकसंहितेतही आहे. ग्रीस देशात इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमारास हिपोक्रेटिसच्या परंपरेतील एका वैद्याने या विकारावर एक ग्रंथ लिहिला. हा रोग देवाच्या कोपाने होत नाही, इतर रोगांप्रमाणे त्यालाही कारण आहे आणि ते कारण मेंदूत आहे, असे त्याने ठामपणे सांगितले. याला दोन हजार चारशे वर्षे झाली, तरी अजूनही काही घरांत आकडी आली की आधी अंगारा लावतात आणि मग दवाखाना गाठतात.

मेंदूत नेमके काय होते? आपल्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. प्रत्येक पेशी म्हणजे जणू एक चिमुकली विद्युतघटमाला. विश्रांतीच्या वेळी पेशीचा आतील भाग बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण असतो. संदेश आला की पेशीच्या पटलातील सूक्ष्म दारे उघडतात, सोडियमचे आयन आत घुसतात आणि विजेची एक लाट पेशीच्या तंतूवरून धावत जाते. काही रसायने शेजारच्या पेशीला 'चल' म्हणतात, तर काही 'थांब' म्हणतात. गाडीला वेग देण्याची आणि ब्रेकची सोय असते तशीच ही योजना आहे.

वर्गात चाळीस मुले आपापसांत बोलत असली की नुसती कुजबुज ऐकू येते. तीच चाळीस मुले एका तालात बाके बडवू लागली तर? आकडीच्या वेळी असेच घडते. ब्रेक अपुरा पडतो आणि हजारो-लाखो पेशी एकाच वेळी, एकाच तालात विजेचे संदेश सोडू लागतात. त्या पेशी ज्या स्नायूंचे नियंत्रण करतात ते स्नायू झटके देऊ लागतात. थोड्या वेळाने पेशींची शक्ती सरते, 'थांब' म्हणणारी रसायने वरचढ ठरतात आणि वादळ शमते. झटके आपोआप थांबतात ते यामुळे.

यंत्र नसताना काढलेला नकाशा

आकडीचे हे विद्युत स्वरूप ओळखणाऱ्यांत लंडनचे डॉक्टर जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन अग्रभागी होते. त्यांच्या वेळी मेंदूचे चित्र काढणारे एकही यंत्र नव्हते. जवळ होते ते फक्त डोळे आणि वही. काही रोग्यांचे झटके अंगठ्यापासून सुरू होतात, मग पंजा, मग दंड आणि नंतर चेहरा अशा ठराविक क्रमाने पसरतात, हे त्यांनी टिपून ठेवले. त्यावरून त्यांनी अनुमान काढले, की मेंदूच्या पृष्ठभागावर हात, चेहरा, पाय यांच्या जागा ठरलेल्या आणि शेजारी-शेजारी असल्या पाहिजेत, आणि झटका एका जागेवरून दुसरीकडे सरकत असला पाहिजे. मेंदूच्या करड्या भागातून अचानक आणि अतिरिक्त प्रमाणात होणारे विसर्जन म्हणजे आकडी, असे त्यांनी १८७३ साली लिहिले. पुढे प्रयोगांनी हा नकाशा खरा ठरला.

सगळ्या आकड्या सारख्या नसतात

आकडी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जमिनीवर पडलेला, दातखीळ बसलेला, तोंडाला फेस आलेला रोगी येतो. पण हा आकडीचा केवळ एक प्रकार झाला.

दुसरा प्रकार तुमच्या वर्गातच असू शकेल आणि तुमच्या लक्षातही येणार नाही. चौथीतली एखादी मुलगी धडा वाचता वाचता मध्येच थांबते. डोळे उघडे असतात, पण नजर शून्यात लागलेली. पापण्या किंचित फडफडतात. दहा-पंधरा सेकंदांनी ती जणू काहीच झाले नाही अशा रीतीने वाचू लागते, मात्र मधली ओळ गळते. असे दिवसातून पन्नास वेळाही घडू शकते. घरचे म्हणतात, "भारी विसराळू." बाई रागावतात, "लक्ष कुठे आहे?" ही क्षणिक शून्यतेची आकडी आहे आणि योग्य औषधाने ती बहुधा आटोक्यात येते. शिक्षकांनी वेळीच ओळखली तर त्या मुलीची शाळेतली कित्येक वर्षे वाया जाण्याचे टळते.

तिसऱ्या प्रकारात मेंदूच्या एका भागातच गडबड होते. कोणाचा फक्त एक हात उडतो. कोणाला नसलेला वास येतो, पोटातून काहीतरी वर चढल्यासारखे वाटते. कोणी भान हरपून ओठ चाटत राहतो, नाहीतर सदऱ्याची बटणे चाळवत बसतो. लोकांना वाटते, याला वेड लागले किंवा बाहेरची बाधा झाली.

उलट, प्रत्येक झटका म्हणजे अपस्मार नव्हे. उन्हात प्रार्थनेला उभे असताना मुलाला घेरी येते. तो आधी पांढराफटक पडतो, डोळ्यांपुढे अंधारी आली असे म्हणतो, पडल्यावर हातपाय दोन-चार वेळा हलतातही, पण मिनिटभरात तो शुद्धीवर येऊन बोलू लागतो. यात मेंदूला क्षणभर रक्त कमी पडलेले असते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या काही बालकांना भर तापात झटके येतात, तेही अपस्मारात धरत नाहीत. दर शंभरांतील जवळजवळ दहा जणांना आयुष्यात केव्हातरी एखादा झटका येऊ शकतो. तात्कालिक कारण नसताना झटके पुन्हा येऊ लागले, किंवा तपासणीवरून ते पुन्हा येण्याची दाट शक्यता दिसली, तरच डॉक्टर अपस्मार हे निदान करतात.

डॉक्टरांचे प्रश्न

आता डॉक्टरांची अडचण पाहा. रोगी दवाखान्यात पोचतो तेव्हा झटका केव्हाच संपलेला असतो. ज्याला झटका आला त्याला मधले काहीच आठवत नाही. म्हणून चेतासंस्थेचे तज्ज्ञ सोबत आलेल्या माणसाला विचारतात :

सुरुवातीला तो काय करीत होता? आधी काही वाटत असल्याचे बोलला का? मान आणि डोळे कोणत्या बाजूला वळले? एक हात आधी हलला की दोन्ही एकदम? डोळे उघडे होते की मिटलेले? चेहरा पांढरा पडला की निळसर? किती वेळ चालले? जीभ चावली का? कपड्यांत लघवी झाली का? नंतर भानावर यायला किती वेळ लागला?

प्रत्येक उत्तराला अर्थ आहे. मान सुरुवातीलाच एका बाजूला वळली किंवा एक हात आधी उडाला, तर झटका मेंदूच्या एका भागातून सुरू झाला असावा. जिभेची कडा चावली गेली आणि नंतर बराच वेळ गुंगी राहिली, तर घेरीपेक्षा आकडीची शक्यता अधिक. "सगळे अंग हलत होते हो, आम्ही घाबरलो," एवढेच उत्तर मिळाले तर डॉक्टर तरी काय करणार?

यंत्रांची साक्ष

तुम्ही म्हणाल, आज इतकी यंत्रे आहेत, मग माणसाच्या सांगण्यावर कशाला विसंबायचे? यंत्रांची कामगिरी मोठीच आहे. जर्मनीत येना येथील हान्स बर्गर यांनी १९२४ साली मानवी मेंदूचा विद्युत आलेख प्रथम घेतला आणि १९२९ साली तो प्रसिद्ध केला. डोक्याच्या त्वचेवर मिळणारा हा विद्युतदाब किती? सुमारे ५० मायक्रोव्होल्ट, म्हणजे बॅटरीतल्या दीड व्होल्टच्या सेलचा तीस हजारावा भाग! १९३५ साली अमेरिकेत गिब्ज, डेव्हिस आणि लेनॉक्स यांनी दाखवून दिले, की क्षणिक शून्यतेच्या आकडीत या आलेखावर सेकंदाला तीन या गतीने टोकदार लाटा उमटतात.

हाच ई.ई.जी. आजही काढतात. तो काढताना दुखत नाही, विजेचा धक्काही बसत नाही. यंत्र वीज देत नाही, केवळ मोजते. तपासणीच्या वेळी लहान मुलाच्या हाती कागदी भिरभिरे देऊन दोन-तीन मिनिटे जोरजोरात फुंकर मारायला सांगतात. दीर्घ श्वासोच्छ्वासामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि क्षणिक शून्यतेची आकडी असेल तर ती डॉक्टरांसमोरच प्रकट होते.

पण हा आलेख अर्ध्या तासाचा आणि आकडी महिन्यातून एकदा येणारी. त्यामुळे अपस्मार असलेल्या कित्येकांचा पहिला आलेख निर्दोष येतो. एम.आर.आय. किंवा सी.टी. स्कॅनने मेंदूतली गाठ, जुन्या जखमेचा वण किंवा जन्मजात दोष दिसतो, पण अनेक रोग्यांच्या मेंदूचे चित्र अगदी नेहमीसारखे असते. म्हणूनच यंत्राची साक्ष आणि माणसाची साक्ष एकमेकींशी ताडून पाहावी लागते.

भारतात या चित्रांत पुष्कळदा एक वेगळेच कारण दिसते. ते म्हणजे पट्टकृमीच्या अळीची छोटी गाठ. हा कृमी ज्याच्या आतड्यात असतो त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात. न धुतलेले हात, कच्ची भाजी किंवा दूषित पाणी यांतून ती दुसऱ्याच्या पोटात जातात आणि अळ्या रक्तावाटे मेंदूत पोचतात. हा कृमी डुकराच्या मांसातून पसरत असला, तरी त्याची अंडी शाकाहारी माणसाच्याही पोटात जाऊ शकतात. शौचाहून आल्यावर साबणाने हात धुण्याचा मेंदूशी असा थेट संबंध आहे!

औषधांची गोष्ट

आकडीवरचे पहिले गुणकारी औषध म्हणजे ब्रोमाइड. लंडनचे चार्ल्स लोकॉक यांनी त्याचा गुण १८५७ साली सांगितला. त्याने झटके कमी होत, पण रोगी सुस्त होई. १९१२ साली जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमान या तरुण डॉक्टरांनी रोग्यांना शांत झोप लागावी म्हणून फिनोबार्बिटोन दिले आणि त्यांचे झटकेच कमी झाल्याचे त्यांच्या लक्षात आले. हे स्वस्त औषध आजही वापरात आहे. १९३८ साली बोस्टनचे मेरिट आणि पुटनम यांनी मांजरांवर पद्धतशीर प्रयोग करून फेनिटॉइन पुढे आणले. त्याने झटके थांबत, पण झोप येत नसे.

व्हॅल्प्रोएटची कथा तर तुलनेच्या प्रयोगाचे महत्त्व सांगणारी आहे. फ्रान्समध्ये ग्रेनोबल येथे काही नव्या पदार्थांची परीक्षा चालू होती. ते पाण्यात विरघळत नसत, म्हणून व्हॅल्प्रोइक आम्लात विरघळवले. पाहतात तो काय, प्रत्येक पदार्थाने प्राण्यांचे झटके थांबले! सगळेच पदार्थ गुणकारी कसे असतील? शंका आली म्हणून नुसते आम्ल देऊन पाहिले, तेव्हा खरे औषध ते आम्लच असल्याचे उघड झाले. ही गोष्ट १९६३ साली प्रसिद्ध झाली. कांद्याच्या बाबतीत आपण विचारलेला प्रश्नच येथे शास्त्रज्ञांनी स्वतःला विचारला होता.

आज वीस-पंचवीस औषधे उपलब्ध आहेत. काही औषधे पेशीची सोडियमची दारे लवकर उघडू देत नाहीत, तर काही 'थांब' म्हणणाऱ्या रसायनाचा जोर वाढवतात. आणि येथेच साक्षीदाराचे मोल कळते. कार्बामाझेपीन हे औषध मेंदूच्या एका भागातून सुरू होणाऱ्या आकडीवर उत्तम चालते, पण तेच क्षणिक शून्यतेच्या आकडीत दिले तर झटके वाढू शकतात! प्रकार चुकला की औषध चुकले. शिवाय रोग्याचे वयही पाहावे लागते. व्हॅल्प्रोएट गर्भाला अपायकारक असल्याने मुली आणि तरुण स्त्रियांना ते देताना डॉक्टर फार विचार करतात.

औषध रोज, ठरल्या वेळी घ्यावे लागते, कारण शरीर ते सतत बाहेर टाकत असते आणि रक्तातले प्रमाण घसरले की झटका डोकावतो. "महिनाभर काही झाले नाही, आता गोळ्या कशाला?" असे म्हणून औषध एकदम सोडणे धोक्याचे आहे. साधारण दोन वर्षे झटका आला नाही तर डॉक्टर हळूहळू औषध कमी करण्याचा विचार करतात. रात्रीची जागरणेही घातक. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

योग्य निदान आणि औषध मिळाले तर शंभरांतील सत्तर जणांचे झटके थांबू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. औषधांना दाद न देणाऱ्या काही रोग्यांना शस्त्रक्रियेचा उपयोग होतो. कॅनडात मॉन्ट्रिअल येथे वाइल्डर पेनफील्ड यांनी रोग्याला जागे ठेवून, त्याच्याशी बोलत बोलत मेंदूतली सदोष जागा शोधण्याची पद्धत विकसित केली. मेंदूला स्वतःला वेदना होत नाहीत, म्हणून हे शक्य होते. त्यांच्या संस्थेत शिकलेले डॉ. जेकब चंडी यांनी १९४९ साली वेल्लोरला भारतातला पहिला मेंदू-शस्त्रक्रिया विभाग सुरू केला आणि १९५२ साली तेथे अपस्मारावरील शस्त्रक्रियाही केली.

औषधे आहेत, ज्ञान आहे, तरीही गरीब देशांत सुमारे तीन-चतुर्थांश रोग्यांपर्यंत उपचार पोचत नाहीत. याला गरिबी कारण आहे, तशीच लपवालपवीही. लग्न मोडेल, शाळेतून नाव काढतील अशी भीती असते. आपल्या हिंदू विवाह कायद्यातही १९७६ साली वारंवार येणाऱ्या अपस्माराचा उल्लेख विवाहातील बाध म्हणून घातला गेला होता. १९९९ साली तो काढून टाकण्यात आला. कायदा बदलला, आता मने बदलायची आहेत. अपस्मार संसर्गजन्य नाही. योग्य उपचार घेणारी बहुतेक मुले तुमच्यासारखीच शिकू शकतात, खेळू शकतात. मात्र झटके आटोक्यात येईपर्यंत त्यांनी एकट्याने पोहायला, विहिरीवर किंवा रहदारीत सायकलवर जाऊ नये.

समोर आकडी आली तर

(१) आधी घड्याळ पाहा.
(२) आसपासचे बाक, दगड, टोकदार वस्तू दूर सारा. डोक्याखाली घडी केलेला सदरा किंवा दप्तर ठेवा. गळ्याजवळचे बटण सैल करा, चष्मा काढा.
(३) हातपाय दाबून धरू नका. दाबल्याने झटके थांबत नाहीत, हाड मात्र मोडू शकते.
(४) तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध काहीही घालू नका. जीभ 'गिळली' जात नाही. चमच्याने दात मात्र तुटतात.
(५) शक्य होताच त्याला कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर येईल आणि श्वास मोकळा राहील.
(६) पूर्ण भानावर येईपर्यंत जवळ थांबा, शांतपणे बोला.
(७) झटका पाच मिनिटांहून अधिक टिकला, शुद्धीवर येण्याआधीच दुसरा आला, इजा झाली, पाण्यात आला किंवा आयुष्यातला पहिलाच असला, तर तात्काळ रुग्णालय गाठा. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

लांबलेला झटका थांबवण्यासाठी काही रोग्यांना डॉक्टर मिडाझोलाम या औषधाचा नाकात मारायचा फवारा लिहून देतात. नाकाशी धरण्याजोगी वस्तू अखेर सापडली ती ही! ज्याला लिहून दिला आहे त्यालाच, सांगितलेल्या मात्रेत तो द्यायचा असतो.

मदतीला दोघे असतील तर दुसऱ्याने मोबाइलवर चित्रण करावे. अर्ध्या मिनिटाचे चित्रण डॉक्टरांना पानभर वर्णनाहून उपयोगी पडते. मात्र ते घरच्यांच्या हाती द्यावे आणि डॉक्टरांना दाखवावे, मित्रांत फिरवू नये.

करून पाहा

चांगला साक्षीदार होण्याचा सराव करता येतो. शिक्षकांच्या परवानगीने हा प्रयोग करा. एका मित्राला गुपचूप एक कागद द्या. त्यावर दहा साध्या हालचाली क्रमाने लिहा : डावा हात वर, मान उजवीकडे, तीनदा टाळी, दोन पावले मागे, वगैरे. आकडीची नक्कल मात्र करायची नाही. त्याने पूर्वसूचना न देता वर्गात येऊन त्या हालचाली करून निघून जावे. मग प्रत्येकाने दोन प्रश्नांची उत्तरे लिहावी : काय काय झाले, आणि किती सेकंद लागले? उत्तरे कागदाशी आणि घड्याळाशी ताडून पाहा. डावे-उजवे किती जणांचे चुकले, वेळेचा अंदाज किती जणांनी भलताच वाढवला, याचा तक्ता करून फळ्यावर लावा. आठवड्याने प्रयोग पुन्हा करा. दुसऱ्या तक्त्यात चुका कमी झाल्या, तर तुमच्या वर्गात डॉक्टरांच्या उपयोगी पडतील असे काही साक्षीदार तयार झाले असे समजा.